ब्राउझरमधल्या चित्राला झूम देताना: कॅनव्हास आणि एसव्हीजीसाठी पायरीवार मार्गदर्शक

ब्राउझरमध्ये काढलेल्या चित्राला झूमची सोय द्यायला घेतली की तीन तक्रारी हमखास येतात. चित्र धूसर दिसतं. कर्सर ज्या बिंदूवर ठेवून चाक फिरवलं, तो बिंदूच कर्सरखालून निसटतो. आणि झूम केल्यावर क्लिक एका आकृतीवर केला तरी निवडली जाते शेजारची. तिन्हींचं मूळ एकच आहे: तीन वेगवेगळी मोजमापं एकमेकांत मिसळली जातात. मग कुठे दोननं गुणून, कुठे चार-सहा पिक्सेल वजा करून चित्र कसंबसं बसवलं जातं, आणि दुसऱ्या स्क्रीनवर उघडलं की पुन्हा बिघडतं.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. प्रत्यक्ष झूमचं सूत्र पाचव्या टप्प्यात आहे. आधीचे चार टप्पे कच्चे असतील तर सूत्र अचूक लिहूनही चित्र चुकीच्या जागी जातं, आणि शोध मात्र सूत्रातच सुरू होतो. उदाहरणं टू-डी कॅनव्हासची, म्हणजे कोडनं पिक्सेल रंगवायच्या घटकाची आहेत; एसव्हीजीचा, म्हणजे जिथे प्रत्येक आकृती स्वतंत्र घटक असते त्या पद्धतीचा, टप्पा पुढे वेगळा आहे.

टप्पा १: साधन ठरवा

आकृत्या शे-दोनशे असतील आणि प्रत्येकीवर क्लिक, रंगबदल, टूलटिप हवं असेल तर एसव्हीजी घ्या. हजारो बिंदू, सतत बदलणारा आलेख किंवा दर फ्रेमला नव्यानं काढायचं चित्र असेल तर कॅनव्हास. एकच तयार फोटो मोठा-लहान करायचा असेल तर या दोन्हींची गरज नाही, सीएसएसचा ट्रान्सफॉर्म पुरतो. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सीएसएस ट्रान्सफॉर्मनं मोठा झालेला घटक पानाच्या मांडणीत जुनीच जागा व्यापतो. शिवाय त्याचा ट्रान्सफॉर्म-ओरिजिन मुळात मध्यभागी असतो. पुढची सूत्रं वापरायची असतील तर तो आधी डाव्या-वरच्या कोपऱ्यात, म्हणजे ० ०, आणा.

सावधान: कॅनव्हासच्या घटकालाच सीएसएसनं स्केल देणं म्हणजे झूम नव्हे. तिथे तयार झालेला बिटमॅप (रंगवलेल्या पिक्सेलची जाळी) नुसता ताणला जातो. बोटं हलत असताना तात्पुरता आधार म्हणून ते चालतं. हालचाल थांबली की चित्र खऱ्या झूमनं पुन्हा काढावंच लागतं.

टप्पा २: कॅनव्हासचे दोन आकार जुळवा

धूसरपणाच्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात, म्हणून या टप्प्यावर वेळ घालवा.

कॅनव्हासला दोन आकार असतात. विड्थ आणि हाइट हे अ‍ॅट्रिब्यूट सांगतात की बिटमॅपमध्ये पिक्सेल किती. सीएसएसमधली विड्थ-हाइट सांगते की पानावर तो बिटमॅप किती जागेत पसरायचा. अ‍ॅट्रिब्यूट दिलेच नाहीत तर बिटमॅप ३०० बाय १५० चा होतो. आता सीएसएसमध्ये ९०० बाय ६०० लिहिलं तर तोच छोटा बिटमॅप आडवा तिप्पट आणि उभा चौपट ताणला जातो. तुम्ही ५० त्रिज्येचं वर्तुळ काढता, पडद्यावर ३०० रुंद आणि ४०० उंच अंडं उमटतं. वर्तुळ लंबगोल दिसलं की दुसरीकडे कुठेही शोधू नका. हे दोन आकार जुळलेले नाहीत.

आकार जुळवले तरी अनेक स्क्रीनवर कडा मऊच दिसतात. कारण सीएसएसचा एक पिक्सेल म्हणजे स्क्रीनचा एक ठिपका असतोच असं नाही. दोहोंचं गुणोत्तर विंडोच्या डिव्हाइसपिक्सेलरेशो या गुणधर्मात मिळतं. साध्या मॉनिटरवर ते १ असतं, बऱ्याच लॅपटॉपवर १.२५, १.५ किंवा २, आणि अनेक फोनवर ३. बिटमॅपचा आकार या गुणोत्तरानं वाढवावा लागतो. कामाचा क्रम असा:

१. कॅनव्हासला किंवा त्याच्या बाहेरच्या चौकटीला सीएसएसमध्ये निश्चित आकार द्या.
२. तो आकार क्लायंटविड्थ आणि क्लायंटहाइटनं मोजा.
३. त्याला रेशोनं गुणा आणि पूर्णांक करा.
४. आलेला आकडा आधीच्यापेक्षा वेगळा असेल तरच अ‍ॅट्रिब्यूटमध्ये भरा.
५. भरल्यावर लगेच चित्र पुन्हा काढा.

चौथी पायरी गाळली तर काय होतं? विड्थ किंवा हाइट भरली की बिटमॅप पुसला जातो आणि रंग, रेषेची जाडी, फॉन्ट, ट्रान्सफॉर्म हे सगळं मूळपदावर जातं. आकडा जुनाच असला तरीही. त्यामुळे दर फ्रेमला विड्थ भरणारा कोड हळू तर चालतोच, शिवाय तुम्ही एकदा ठरवलेला फॉन्ट पुढच्याच फ्रेमला गायब होतो.

पहिली पायरी गाळणं त्याहून महागात पडतं. सीएसएसमध्ये आकार नसेल तर कॅनव्हास पानावर अ‍ॅट्रिब्यूटइतकाच पसरतो. तुम्ही मोजून दुप्पट केलं की पानावरचा आकारही दुप्पट होतो. रिसाइझऑब्झर्व्हर (घटकाचा आकार बदलला की कळवणारी ब्राउझरची सोय) जागा होतो, पुन्हा मोजतो, पुन्हा दुप्पट करतो. २ रेशोच्या स्क्रीनवर कॅनव्हास फुगतच जातो आणि १ रेशोच्या मॉनिटरवर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून ही चूक तपासणीतून सहज सुटते.

रेशो एकदा वाचून कायमचा जपून ठेवू नका. वापरणाऱ्यानं कंट्रोल आणि अधिकचं बटण दाबून पान मोठं केलं तर डेस्कटॉपवर तो बदलतो. खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर ओढली तरी बदलतो. त्यासाठी मॅचमीडियामध्ये सध्याच्या रिझोल्यूशनची अट घालून बदल ऐका. ती अट जुन्या आकड्याला बांधलेली असते, म्हणून दर बदलानंतर नवी अट तयार करावी लागते.

१.२५ सारख्या अपूर्णांकी रेशोवर पूर्णांक करताना अर्ध्या-पाव पिक्सेलची चूक राहू शकते. रिसाइझऑब्झर्व्हर काही ब्राउझरमध्ये डिव्हाइसपिक्सेलकंटेंटबॉक्स देतो, त्यात नेमका आकडा मिळतो. असेल तिथे तो घ्या, नसेल तिथे गुणाकारावर भागवा.

आणि हावही धरू नका. १९२० बाय १०८० चा कॅनव्हास २ रेशोवर ३८४० बाय २१६० होतो. म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, एकूण साधारण ३३ एमबी. आयफोनच्या सफारीत कॅनव्हासच्या क्षेत्रफळावर १,६७,७७,२१६ पिक्सेलची, म्हणजे ४०९६ बाय ४०९६ ची मर्यादा दीर्घकाळ राहिली आहे. ती ओलांडली की चित्र उमटतच नाही. ३ रेशोच्या फोनवर मी स्वतः रेशो २ वर रोखण्याच्या बाजूचा आहे. डोळ्याला फरक जवळजवळ जाणवत नाही आणि पिक्सेल निम्म्याहून कमी होतात.

तपासा: एक वर्तुळ, एक बारीक रेष आणि लहान अक्षरांची एक ओळ काढा. पान ब्राउझरच्या झूमनं दोन-तीन पायऱ्या मोठं करा. वर्तुळ गोल आणि अक्षरं रेखीव राहिली, तरच पुढे चला.

टप्पा ३: तीन मोजमापं वेगळी ठेवा

पहिलं मोजमाप चित्राच्या जगाचं: तुमच्या आकृत्यांचे मूळ आकडे, मग ते मीटर असोत वा कागदावरचे मिलिमीटर. दुसरं पडद्याचं: कॅनव्हासच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासूनचे सीएसएस पिक्सेल; माउस आणि बोटं याच मापात बोलतात. तिसरं बिटमॅपचं: खरे पिक्सेल.

जग आणि पडदा यांच्यातलं नातं तीन आकड्यांत मावतं. झूम, आडवी सरक आणि उभी सरक. या तिघांना मिळून कॅमेरा म्हणू.

पडदाक्ष = जगक्ष × झूम + सरकक्ष
जगक्ष = (पडदाक्ष − सरकक्ष) ÷ झूम

इथे क्ष म्हणजे आडवी दिशा, य म्हणजे उभी. उभ्या दिशेलाही हेच. पडद्यावरून बिटमॅपवर जायला नुसतं रेशोनं गुणायचं. ही रूपांतरं दोन छोट्या फंक्शनमध्ये लिहा आणि बाकी कोडमध्ये कुठेही हाताने गुणाकार-भागाकार करू नका. व्हेरिएबलच्या नावातच जग की पडदा हे लिहिलेलं असलं की चुकीची बेरीज वाचतानाच खटकते.

सावधान: झूम करताना आकृत्यांचे मूळ आकडे कधीही गुणू नका. जग जागच्या जागी राहतं, हलतो तो कॅमेरा. मूळ आकडेच गुणत गेलात तर बारीक चुका साचत जातात, मूळ स्थितीला परतायचा रस्ता उरत नाही आणि फाइल सेव्ह केली की झूमसकट सेव्ह होते.

टप्पा ४: दर फ्रेमला कोऱ्या पाटीपासून काढा

चित्र काढणारं फंक्शन एकच असावं आणि त्यातला क्रम ठरलेला असावा:

१. सेटट्रान्सफॉर्मला १, ०, ०, १, ०, ० देऊन मॅट्रिक्स, म्हणजे काढताना प्रत्येक बिंदूला लागणारा झूम-सरकेचा बदल, मूळपदावर आणा.
२. क्लिअररेक्टनं पूर्ण बिटमॅप पुसा. रुंदी-उंची अ‍ॅट्रिब्यूटमधली घ्या.
३. पुन्हा सेटट्रान्सफॉर्म, या वेळी झूम × रेशो, ०, ०, झूम × रेशो, सरकक्ष × रेशो, सरकय × रेशो.
४. आकृत्या जगाच्या मूळ आकड्यांनीच काढा.

टप्पा २ मधला आकार आणि टप्पा ३ ची रूपांतरं सोडली तर रेशो फक्त या फंक्शनमध्ये दिसला पाहिजे. आणखी कुठे तो सापडला तर तिथे थांबून विचार करा. बहुतेक वेळा तिथेच दोनदा गुणाकार होत असतो.

इथली सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे तिसऱ्या पायरीत स्केल फंक्शन वापरून पहिली पायरी विसरणं. स्केल आणि ट्रान्सलेट हे आधीच्या मॅट्रिक्सवर आणखी गुणाकार करतात. सेटट्रान्सफॉर्म जुना मॅट्रिक्स फेकून नवा बसवतो. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या आणि दर फ्रेमला १.१ नं स्केल झालं, तर एका सेकंदात चित्र ३०० पटींहून मोठं होतं. पडदा एकदम कोरा झाला असं वाटतं. प्रत्यक्षात चित्र केव्हाच चौकटीबाहेर गेलेलं असतं.

दुसरी चूक पुसण्याच्या क्रमाची. क्लिअररेक्टलाही चालू मॅट्रिक्स लागू होतो. झूम ०.५ असताना, मॅट्रिक्स न बदलता पुसलं तर कॅनव्हासचा निम्म्या लांबी-रुंदीचाच तुकडा पुसला जातो, तोही सरकलेला. उरलेल्या भागात जुन्या चित्राच्या सावल्या साचतात. पार्श्वभूमी रंगानं भरत असाल तर तिलाही हाच नियम.

ट्रान्सलेट आणि स्केलच वापरायचे असतील तर आधी ट्रान्सलेट, मग स्केल. उलटं केलंत तर सरकसुद्धा झूमनं गुणली जाते आणि ४ पट झूमवर चित्र बोटाच्या चौपट वेगानं पळतं.

इव्हेंटच्या फंक्शनमधून थेट चित्र काढू नका. तिथे फक्त कॅमेऱ्याचे आकडे बदला, 'काढायचं बाकी आहे' अशी खूण ठेवा आणि रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेमला एकदाच बोलवा; ते पुढची फ्रेम रंगवायच्या आधी तुमचं फंक्शन चालवतं. ट्रॅकपॅडवरून एका फ्रेममध्ये कित्येक इव्हेंट येऊ शकतात. दर इव्हेंटला चित्र काढलं तर त्यातली बहुतेक मेहनत कुणाला दिसतही नाही.

तपासा: झूम १, सरक ०, ० ठेवून चित्र सलग हजार वेळा काढा. एका पिक्सेलचाही फरक पडता कामा नये.

टप्पा ५: कर्सरखालचा बिंदू धरून झूम

अट एकच: झूम करण्याआधी जगातला जो बिंदू कर्सरखाली होता, तोच झूमनंतरही कर्सरखाली राहिला पाहिजे. या अटीतूनच क्रम ठरतो.

१. जुन्या कॅमेऱ्यानं कर्सरखालचा जगातला बिंदू काढा.
२. नवा झूम काढा आणि लगेच किमान-कमाल मर्यादेत बसवा.
३. नवी सरक = कर्सर − जगातला बिंदू × नवा झूम.

आकडे घालून पाहू. झूम २ आहे, सरक १०० आणि ५०. कर्सर पडद्यावर ५००, २५० वर आहे. जगातला बिंदू: ५०० मधून १०० वजा, भागिले २, म्हणजे २००, उभा: २५० मधून ५० वजा, भागिले २, म्हणजे १००. आता झूम ३ करायचा. नवी आडवी सरक ५०० − ६०० = −१००, उभी २५० − ३०० = −५०. पडताळा: २०० × ३ − १०० = ५००, १०० × ३ − ५० = २५०. बिंदू जागचा हलला नाही. तुमच्या कोडला हेच आकडे देऊन हेच उत्तर येतं का ते पाहा. पडद्याकडे बघून अंदाज बांधण्यापेक्षा ही खात्री पक्की.

चुका इथेही ठरावीकच असतात आणि प्रत्येकीचं लक्षण वेगळं असतं. लक्षण ओळखता आलं की कोड चाळत बसावं लागत नाही.

चित्र नेहमी जगाच्या ०, ० बिंदूभोवतीच फुलतं, कर्सर कुठेही असो: पहिली आणि दुसरी पायरी उलटी झाली आहे. झूम आधी बदलला आणि मग जगातला बिंदू नव्या झूमनं काढला, तर गुणाकार आणि भागाकार एकमेकांना खाऊन टाकतात आणि सरक होती तेवढीच राहते.

कमाल झूमवर पोचल्यावर चाक फिरवत राहिलं की चित्र आकारानं तेवढंच राहून हळूहळू एका बाजूला सरकतं: मर्यादा सरक काढल्यानंतर लावली आहे. मर्यादा दुसऱ्या पायरीतच लागली पाहिजे, तिसरीच्या आधी.

रेटिना, म्हणजे २ रेशोच्या, स्क्रीनवर बटणानं झूम केला की चित्र मध्याऐवजी उजव्या-खालच्या कोपऱ्याभोवती फुलतं: मध्यबिंदू काढताना अ‍ॅट्रिब्यूटमधली रुंदी घेतली आहे. २ रेशोवर तिचा अर्धा भाग म्हणजे पडद्याची पूर्ण रुंदी. मध्य नेहमी सीएसएसच्या रुंदीवरून काढा.

बटण, कीबोर्ड आणि डबल क्लिक यांच्यासाठी वेगळं गणित लिहू नका. हेच फंक्शन बोलवा, फक्त धरायचा बिंदू वेगळा द्या.

'सगळं चित्र मावेल असं दाखवा' हे बटण मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. वापरणारा हरवला की तेवढाच आधार असतो. झूम म्हणजे पडद्याची रुंदी ÷ चित्राची रुंदी आणि पडद्याची उंची ÷ चित्राची उंची यांतला लहान आकडा, कडेला थोडी जागा सुटावी म्हणून ०.९ नं गुणलेला. मग आडवी सरक = (पडद्याची रुंदी − चित्राची रुंदी × झूम) ÷ २ − चित्राचा डावा काठ × झूम. शेवटची वजाबाकी विसरली जाते, कारण चाचणीच्या चित्राचा डावा काठ बहुधा शून्यावर असतो.

टप्पा ६: चाक आणि ट्रॅकपॅड

झूम नेहमी गुणाकारानं वाढवा, बेरजेनं नव्हे. ०.१ ची बेरीज १ वर असताना ठळक वाटते आणि १० वर असताना जाणवतही नाही. वर जाताना १.१ आणि खाली येताना ०.९ ही जोडीही चूक आहे: दोघांचा गुणाकार ०.९९ होतो, आणि दहा वेळा वर-खाली केल्यावर चित्र साडेनऊ टक्क्यांनी लहान झालेलं असतं. १.१ नं गुणा, १.१ नंच भागा.

चाकाच्या इव्हेंटमधला डेल्टावाय म्हणजे 'किती खटके' नव्हे. साध्या माउसवर तो एका खटक्याला १०० च्या आसपास असू शकतो, ट्रॅकपॅडवर २-३ चे ढीगभर इव्हेंट येतात. नुसतं चिन्ह पाहून ठरावीक पायरी टाकली तर ट्रॅकपॅडवर चित्र अंगावर धावून येतं. त्याऐवजी ई (e, सुमारे २.७१८) चा घात वापरा: गुणक = ई चा (−डेल्टावाय × ०.००१५) वा घात. १०० साठी उणे दिशेला साधारण १.१६, अधिक दिशेला ०.८६, आणि दोघांचा गुणाकार नेमका १. आधी डेल्टामोडही पाहा: ० असेल तर आकडा पिक्सेलचा, १ असेल तर ओळींचा, २ असेल तर पानांचा. ओळींचा आकडा पिक्सेल समजून घेतला की झूम रांगत चालतो.

ट्रॅकपॅडवर दोन बोटं फाकवली की बरेच ब्राउझर चाकाचाच इव्हेंट पाठवतात, फक्त त्यात कंट्रोलकी खरी असते. त्यातले आकडे लहान असल्यानं गुणांक ०.०१ च्या आसपास ठेवावा लागतो. मॅकवरच्या सफारीत गेस्चरस्टार्ट आणि गेस्चरचेंज हे वेगळे इव्हेंटही येतात, तेही हाताळा.

सावधान: प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरचं नेहमीचं वागणं रोखणारी सूचना) चालायला हवं असेल तर लिसनर, म्हणजे इव्हेंट ऐकणारं फंक्शन, जोडताना पॅसिव्ह हा पर्याय खोटा द्या आणि लिसनर कॅनव्हासवरच जोडा. विंडो, डॉक्युमेंट किंवा बॉडीवर जोडलेले चाकाचे लिसनर क्रोम आपणहून पॅसिव्ह धरतो, मग चित्राबरोबर पानही सरकतं.

साधं चाक आपल्या ताब्यात घ्यावं का? चित्रानं पूर्ण खिडकी व्यापली असेल तर जरूर. लांबलचक लेखाच्या मध्ये एक चित्र असेल तर मुळीच नाही. वाचणारा खाली चालला असताना पान अचानक अडकतं आणि चित्र गरगरतं, हा त्याच्यावर अन्याय आहे. तिथे कंट्रोल दाबूनच झूम होऊ द्या आणि कोपऱ्यात बटणं ठेवा.

टप्पा ७: बोटं आणि ओढणं

कॅनव्हासला सीएसएसमध्ये टच-अ‍ॅक्शन नन द्या, नाहीतर ब्राउझर स्वतःच पान सरकवायला घेतो आणि तुमचे इव्हेंट मध्येच तुटतात. लेखामधल्या चित्राला हाही पर्याय विचार करूनच द्या. फोनवर बोट चित्रावर पडलं तर पान सरकणं थांबेल.

पॉइंटर इव्हेंट वापरले की माउस, पेन आणि बोट एकाच कोडमध्ये येतात. टेकलेल्या प्रत्येक पॉइंटरची जागा त्याच्या आयडीसह साठवा. एकच पॉइंटर असेल तर तो जेवढा हलला तेवढंच सरकेत मिळवा. इथे झूमनं भागायचं नाही. सरक पडद्याच्या मापात आहे आणि बोटही. भागलंत तर मोठ्या झूमवर चित्र बोटाच्या मागे राहतं.

दोन पॉइंटर असतील तर जुना मध्य, जुनं अंतर, नवा मध्य, नवं अंतर घ्या. जुन्या मध्याखालचा जगातला बिंदू जुन्या कॅमेऱ्यानं काढा. झूमला नवं ÷ जुनं अंतर यानं गुणून मर्यादेत बसवा. मग नवी सरक = नवा मध्य − तो बिंदू × नवा झूम. झूम आणि सरकणं दोन्ही एकाच सूत्रात होतं.

एक बोट उचललं की चित्र टुणकन उडतं, ही तक्रार फार येते. कारण जुन्या जागेत अजून दोन बोटांचा मध्य असतो आणि नव्या जागेत एका बोटाची जागा येते. बोटांची संख्या बदलली की 'जुनी जागा' नव्यानं नोंदवा, त्या इव्हेंटला काहीही हलवू नका. पॉइंटरकॅन्सलही (ब्राउझरनं स्पर्श मध्येच रद्द केल्याचा इव्हेंट) पॉइंटरअपसारखाच, म्हणजे बोट उचलल्यासारखाच, हाताळा. तो विसरला तर न दिसणारं एक बोट यादीत अडकून राहतं आणि पुढचं प्रत्येक ओढणं झूम होऊन बसतं.

ओढताना सेटपॉइंटरकॅप्चर लावा, म्हणजे माउस चौकटीबाहेर सुटला तरी कळतं. चार-पाच पिक्सेलपेक्षा कमी हाललं तर तो क्लिक समजा.

टप्पा ८: रेषा, अक्षरं, सावल्या, फोटो

चित्रातल्या सगळ्याच गोष्टी झूमबरोबर वाढाव्यात असं नाही. नकाशातला रस्ता रुंद व्हावा, पण निवडीची चौकट बारीकच राहावी.

रेषेची जाडी मॅट्रिक्सबरोबर वाढते. पडद्यावर ती १ पिक्सेलच राहायला हवी असेल तर जाडी १ ÷ झूम द्या. तुटक रेषेच्या लांबीलाही तेच. सावलीचं मात्र बरोबर उलटं आहे: शॅडोब्लर आणि शॅडोऑफसेट यांना मॅट्रिक्स लागत नाही, ते बिटमॅपच्या पिक्सेलमध्ये मोजले जातात. सावली वाढायला हवी असेल तर आकडा स्वतः झूम × रेशोनं गुणावा लागतो.

आडवा आणि उभा झूम वेगळा असलेल्या आलेखात रेष एका दिशेला जाड, दुसऱ्या दिशेला बारीक दिसते. उपाय सोपा आहे. मार्ग आखताना मॅट्रिक्स लावलेला ठेवा, मग मॅट्रिक्स बदलून फक्त रेशोचा करा आणि त्यानंतर स्ट्रोक करा, म्हणजे रेष प्रत्यक्ष उमटवा. बिंदू आखताना बदलून घेतले जातात, पण जाडी स्ट्रोकच्या क्षणी असलेल्या मॅट्रिक्सनं ठरते.

नावं-आकडे लिहायचे असतील तर शेवटी वेगळ्या फेरीत लिहा: मॅट्रिक्स फक्त रेशोचा करा, जागा टप्पा ३ च्या फंक्शननं पडद्यावर आणा आणि तिथे नेहमीच्या आकाराचा फॉन्ट वापरा.

पूर्णांकी जागेवरची १ पिक्सेलची रेष दोन पिक्सेलच्या सीमेवर बसते, म्हणून दोन पिक्सेल जाड आणि फिकट दिसते. तिला बिटमॅपच्या मापात अर्धा पिक्सेल सरकवा. जाळीच्या रेषांना हे हवंच. तिरक्या रेषांना त्याचा उपयोग नाही.

फोटोतले पिक्सेल मोठे करून स्पष्ट चौकोन दाखवायचे असतील तर इमेजस्मूदिंगएनेबल्ड बंद करा. मोठा फोटो खूप लहान करताना कडा दातेरी होतात. त्यासाठी निम्म्या-निम्म्या आकाराच्या प्रती आधीच करून ठेवा आणि झूमप्रमाणे जवळची प्रत वापरा. आणि पुटइमेजडेटा मॅट्रिक्स पूर्णपणे दुर्लक्षितो. त्यातलं चित्र झूम व्हायला हवं असेल तर ते आधी न दिसणाऱ्या दुसऱ्या कॅनव्हासवर टाका आणि तिथून ड्रॉइमेजनं आणा.

टप्पा ९: क्लिक नेमका कुठे पडला

क्लायंटएक्स मधून गेटबाउंडिंगक्लायंटरेक्टचा डावा काठ वजा करा, मग पडद्यावरून जगात या. ही चौकट दर वेळी नव्यानं वाचा. पान सरकलं की जुनी निरुपयोगी होते. कॅनव्हासला बॉर्डर किंवा पॅडिंग असेल तर तेवढं आणखी वजा करावं लागतं, म्हणून ते बाहेरच्या चौकटीलाच द्यावं हे बरं. बाहेरच्या एखाद्या घटकाला सीएसएसचा स्केल लागलेला असेल तर आलेलं अंतर क्लायंटविड्थ ÷ चौकटीची रुंदी यानं गुणा.

बारीक रेषेजवळच्या क्लिकला सूट द्यायची असते. ती पडद्याच्या पिक्सेलमध्ये ठरवा आणि झूमनं भागून जगात आणा. जगातच ५ ची सूट ठेवली तर मोठ्या झूमवर अर्धा पडदा 'जवळ' ठरतो.

बिंदू मार्गाच्या आत आहे का हे सांगणारं इझपॉइंटइनपाथ वापरत असाल तर दिलेल्या बिंदूला मॅट्रिक्स लागत नाही हे लक्षात ठेवा. झूमचा मॅट्रिक्स चालू असताना त्याला जगातला बिंदू न देता बिटमॅपचा बिंदू द्यावा लागतो.

तपासा: झूम ०.३ आणि ७ वर, पान थोडं खाली सरकवून, ब्राउझरचा स्वतःचा झूम १२५ टक्के ठेवून एका लहान आकृतीच्या काठावर आत-बाहेर क्लिक करा.

टप्पा १०: एसव्हीजी असेल तर

रेशोची चिंता इथे नाही, ब्राउझर ती स्वतः वाहतो. व्ह्यूबॉक्स (चित्राच्या जगातला कुठला आयत दाखवायचा ते सांगणारं अॅट्रिब्यूट) नसलेल्या एसव्हीजीची रुंदी वाढवली तर चित्र मोठं होत नाही, नुसती रिकामी जागा वाढते. आधी व्ह्यूबॉक्स द्या.

व्ह्यूबॉक्स बदलून झूम करता येतो, पण त्यात दिशा उलटी असते: बॉक्स लहान केला की चित्र मोठं होतं. शिवाय प्रिझर्व्हआस्पेक्टरेशो मुळात चित्र मध्यभागी पूर्ण मावेल असं ठेवतो, त्यामुळे कडेला पट्टे सुटतात आणि 'घटकाची रुंदी भागिले बॉक्सची रुंदी' हे गुणोत्तर चुकतं. पडद्यावरचा बिंदू चित्राच्या मापात आणायचा तर गेटस्क्रीनसीटीएमचा (चित्रातून पडद्यावर नेणाऱ्या मॅट्रिक्सचा) व्यस्त मॅट्रिक्स वापरा आणि तो दर बदलानंतर नव्यानं वाचा.

मला पटणारी वाट वेगळी आहे. सगळ्या आकृत्या एका जी (गट करणाऱ्या) घटकात घाला आणि त्यालाच ट्रान्सलेट व स्केल द्या. व्ह्यूबॉक्स घटकाच्या पिक्सेलइतकाच ठेवला की टप्पा ३ चा कॅमेरा आणि टप्पा ५ चं सूत्र जसंच्या तसं चालतं. रेषा जाड होऊ नयेत म्हणून व्हेक्टर-इफेक्टला नॉन-स्केलिंग-स्ट्रोक द्या.

टप्पा ११: खूप आकृत्या आणि खोल झूम

पडद्याचे दोन समोरासमोरचे कोपरे जगात आणले की दिसणारा आयत मिळतो. त्याबाहेरच्या आकृत्या काढूच नका. मोठ्या झूमवर बहुतेक आकृत्या चौकटीबाहेर असतात, म्हणून फायदा तिथेच सगळ्यात जास्त. न बदलणारे मार्ग पाथटूडीमध्ये (मार्ग साठवून पुन्हा वापरता येणारी वस्तू) एकदाच बांधून ठेवा.

झूम हजारोंच्या पटीत गेला की रेषा थरथरू लागतात, बिंदू झटक्यानं सरकतात. जावास्क्रिप्टमधले आकडे ६४ बिटचे असले तरी प्रत्यक्ष रंगवणारी यंत्रणा बहुधा ३२ बिटच्या आकड्यांवर चालते, आणि त्यात १,६७,७७,२१६ च्या पलीकडे लागोपाठचे पूर्णांकही वेगळे राहत नाहीत. जगातला बिंदू कोटींच्या घरात आणि सरक तेवढीच उणे, अशी वजाबाकी तिथे झाली की उरलेले बारीक अंक गळून जातात. म्हणून ही वजाबाकी आधी जावास्क्रिप्टमध्येच करा: पडद्याच्या मध्याखालचा जगातला बिंदू प्रत्येक आकृतीच्या आकड्यांतून वजा करून मगच ते कॅनव्हासला द्या, आणि मॅट्रिक्समधल्या सरकेच्या जागी पडद्याचा मध्य × रेशो ठेवा. पाथटूडीत बांधलेल्या मार्गांना हे आपोआप लागत नाही. त्यांचे आकडे जवळच्या एखाद्या स्थानिक शून्यापासून मोजलेले हवेत. तपासताना चित्राच्या सगळ्यात दूरच्या कोपऱ्यात जा, कमाल झूम लावा आणि एक-एक पिक्सेल ओढून पाहा. शून्याजवळ ही थरथर कधीच दिसत नाही.